आवृत्तीचा आकडा

कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली की कवी सुखावतो. पहिली खपली, असा तिचा सरळ अर्थ. संगणकाच्या प्रणालीची नवी आवृत्ती निघते ती बहुधा आधीच्या आवृत्तीत काही राहून गेले म्हणून. तिला कोणता आकडा द्यायचा, हा प्रश्न मला वरवरचा वाटत नाही. करणारा कोणाला बांधील आहे, ते त्या आकड्यात दिसते.

१९८०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत ॲश्टन-टेट कंपनीने ‘डीबेस टू’ ही प्रणाली विकायला आणली. ‘डीबेस वन’ मात्र बाजारात कधी आलीच नव्हती! दोनचा आकडा पाहून गिऱ्हाइकाला माल मुरलेला वाटावा, एवढाच हेतू. इथे आकडा जाहिरात करत होता.

‘उबुंटू’ने सरळ दिनदर्शिकाच घेतली. ऑक्टोबर २००४मध्ये निघालेली पहिली आवृत्ती ४.१०. पुढे एप्रिल २००६ची आवृत्ती जूनपर्यंत लांबली, तेव्हा ६.०४ ऐवजी ६.०६ लिहावे लागले. झालेला उशीर आकड्यातच नोंदला गेला.

टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तीन आकड्यांचा नियम मांडला, त्याचे २.०.० हे रूप २०१३ सालचे. तिसरा आकडा वाढला तर नुसती डागडुजी. दुसरा वाढला तर नवी भर, जुने शाबूत. पहिला वाढला तर सावध राहा, जुने काही मोडणार आहे. एका प्रणालीच्या आधारावर दुसऱ्या शेकडो उभ्या असतात; त्यांना ही पूर्वसूचना मोलाची.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते डोनाल्ड नुथ. १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पाहून ते खट्टू झाले. अक्षरे मनासारखी उमटली नव्हती. मग त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली. तिचे नाव ‘टेक’. १९९०मध्ये त्यांनी जाहीर केले की आता नवी भर नाही, फक्त चुकांची दुरुस्ती. जुना मजकूर पुढेही जसाच्या तसा छापला गेला पाहिजे. तेव्हा आवृत्ती होती ३.१. त्यानंतर प्रत्येक दुरुस्तीला पायचा एकेक अंक पुढे जोडला जातो. शाळेत वर्तुळाच्या परिघासाठी वापरायचो, तोच हा पाय. २०१४मध्ये ३.१४१५९२६५, २०२१मध्ये ३.१४१५९२६५३. आपल्या मृत्यूनंतर आकडा साक्षात ‘पाय’ करावा आणि कोणी हात लावू नये, उरलेल्या चुका हे त्या प्रणालीचे गुणधर्म समजावेत, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

मराठीत टेक म्हणजे निग्रहाने पाळलेला शब्द. नुथ यांना मराठी येत नसावे, पण नाव चपखल बसले आहे. त्यांचा आकडा जितका लांबतो, तितकी त्याची वाढ लहान होत जाते. आणि १९९० साली कोणा अभ्यासकाने जुळवलेले पान आजही तसेच उमटावे, ही जबाबदारी तो सांभाळत राहतो.