यदूचा हक्क

ययाती म्हटले की मराठी वाचकाला वि. स. खांडेकरांची १९५९ सालची कादंबरी आठवते. भोगाने तृप्त न होणारा राजा आणि पित्याला आपले तारुण्य देणारा पुरू, एवढ्यावरच आम्हीही वर्गात शिकवताना थांबत आलो.

महाभारताच्या आदिपर्वात मात्र तारुण्य परत केल्यावरही कथा पुढे चालते. ययाती पुरूला राज्याभिषेक करू लागतो, तेव्हा ब्राह्मणांसह सर्व वर्णांचे प्रजाजन त्याला अडवतात. देवयानीचा थोरला पुत्र यदू असताना शर्मिष्ठेच्या धाकट्याला गादी कशी? पित्याची आज्ञा मोडणारा तो पुत्रच नव्हे, असे ययाती उत्तर देतो. शुक्राचार्यांच्या वराचाही आधार घेतो. प्रजा मान तुकवते. वासनेच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कथेचा शेवट असा वारसाहक्काच्या वादात होतो.

यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू आणि पुरू हे ययातीचे पाच पुत्र. ऋग्वेदात ही नावे (तुर्वसूचे तुर्वश या रूपात) जनसमूहांची म्हणून येतात. ययातीचा उल्लेखही तेथे आहे, परंतु त्यांचा पिता म्हणून नाही. महाकाव्याने या जनांना भाऊ केले आणि त्यांची प्रतवारीही लावली. पुरूपासून पौरव, म्हणजे पुढे कौरव-पांडव. यदूपासून यादव, द्रुह्यूपासून भोज, तुर्वसूपासून यवन, अनूपासून म्लेंच्छ. नंतरच्या समाजाची उतरंड अशी एका पित्याच्या शापात बसवली गेली.

हा दाखला पुढे कामीही येतो. उद्योगपर्वात युद्ध तोंडावर आले असता धृतराष्ट्र दुर्योधनाला हीच कथा ऐकवतो: थोरला असूनही यदू गर्वापायी राज्याला मुकला. अंधत्वामुळे स्वतः डावलला गेलेला थोरला भाऊ आपल्या थोरल्या मुलाला हे सांगतो आहे! दुर्योधन अर्थातच ऐकत नाही.

यदूच्या वंशाला राज्य मिळणार नाही, असा ययातीचा शाप होता. तरीही मध्ययुगात देवगिरीचे राजे स्वतःला अभिमानाने यदुवंशीय म्हणवीत आणि 'द्वारावतीपुरवराधीश्वर' हे बिरुद मिरवीत. ज्या कुळात कृष्ण जन्मला त्याला शापाची बाधा कोण मानणार? प्रजेने विचारलेला प्रश्न ययातीने तेव्हा मिटवला. यदूचे नाव मात्र त्याला मिटवता आले नाही.