मुळशीची वीज आणि संगणकाची विद्या

पुण्याच्या वायव्येस, मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाशीं मारुंजी गांव आहे. शेजारच्या हिंजवडींत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसविलें, आणि मारुंजीच्या शेतांमधून उंच इमारती उभ्या राहूं लागल्या. त्यांत राहणाऱ्या कितीतरी तरुणांचा चरितार्थ सॉफ्टवेअर लिहिण्यावर चालतो. हें कसब ते कोठें शिकले, असें विचारल्यास बहुधा एखाद्या महाविद्यालयाचें नांव पुढें येतें. इतिहास पाहूं गेल्यास उत्तर इतकें सोपें राहत नाहीं.

पुण्यांत जुलै १८५४ मध्यें ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नांवाची शाळा निघाली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे या प्रांतांत पदवी देणारें कोणी नव्हतें, तेव्हां हा वर्ग भरूं लागला होता. सरकारी बांधकामास, पूल, कालवे, इमारती व लोहमार्ग यांवर देखरेख करणारे दुय्यम अधिकारी हवे होते. कामाची निकड आधीं, वर्ग तिच्या मागून आणि विद्यापीठ त्याच्याहि मागून, असा हा क्रम आहे. १८६६ मध्यें ती शाळा विद्यापीठास जोडली गेली, आणि तिच्यांतूनच पुण्याचें प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय वाढलें. ‘दुय्यम’ हा शब्द कानास खटकतो खरा. परंतु नकाशावरचा पूल नदीवर नीट उतरला कीं नाहीं हें पाहणें त्या दुय्यम माणसाकडेच असे.

दुसरा धागा खुद्द मुळशींतून निघतो. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्यें सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं येथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. अखेर जमिनी पाण्याखालीं गेल्या व वीज मुंबईस गेली. टाटांच्या त्याच वीज कंपन्यांत १९५१ सालीं फकीरचंद कोहली रुजू झाले. कॅनडांतील क्वीन्स विद्यापीठाची पदवी आणि अमेरिकेंतील एम्. आय्. टी. ची पदव्युत्तर पदवी पदरीं असूनहि, स्वदेशीं परतण्यापूर्वीं त्यांनीं अमेरिकेंतील वीज कंपन्यांत प्रत्यक्ष कामाची उमेदवारी केली होती. येवढ्या पदव्यांनंतर उमेदवारी कशाला, असें एखाद्यास वाटेल. पण वीज वाहून नेणारें जाळें वर्गांत आणतां येत नाहीं. या जाळ्याचे हिशेब संगणकावर करण्याचा उद्योग पुढें कोहलींनीं मुंबईस आरंभिला, आणि १९६९ मध्यें नुकत्याच स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सूत्रें त्यांच्या हातीं आलीं.

ती संस्था निघाली १९६८ सालीं. त्याच वर्षीं जर्मनींतील गार्मिश येथें जगांतील संगणकतज्ज्ञ जमले. मोठे प्रोग्रॅम वेळेवर पुरे होत नाहींत, खर्च अंदाजाबाहेर जातो आणि चुका राहून जातात, ही सर्वांचीच तक्रार होती. त्यांनीं आपल्या विषयास ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ असें नांव दिलें. पूल बांधणाराच्या अंगीं जी शिस्त लागते ती प्रोग्रॅम लिहिणारासहि हवी, हा त्या नांवांतला आशय.

त्या शिस्तीची परीक्षा मुंबईंत लवकरच झाली. १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेच्या बरोज कंपनीचें एक काम कोहलींच्या मंडळीकडे आलें. रुग्णालयांच्या कारभाराचा एक प्रोग्रॅम तिच्या एका जातीच्या संगणकावरून दुसऱ्या जातीच्या संगणकावर न्यावयाचा होता. दोन्ही ठिकाणीं भाषा कोबोलच, पण बोली निराळी. अडचण ही कीं हाताशीं बरोजचें यंत्र नव्हतें. होतें तें इंग्रजी बनावटीचें आय्. सी. एल्. १९०३. तेव्हां मंडळीनें त्या परक्या यंत्रावरच असा प्रोग्रॅम रचला कीं, जो एका बोलींतला मजकूर वाचून दुसऱ्या बोलींत उतरवी. केवळ एका यंत्राच्या आज्ञा पाठ करणाराच्या हातून हें होणें नव्हतें. दुसऱ्यानें लिहिलेलें वाचणें, समोर नसलेल्या यंत्राची रीत मनांत धरणें आणि आपलें लिहिणें स्वतःच कठोरपणें तपासणें, हें त्या धंद्याचें खरें शिक्षण होय.

पुण्यांत १८५४ चा क्रम पुन्हां घडला तो १९८८ मध्यें. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालें व १९९१ मध्यें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्यांत अनेक प्रक्रियक एकाच वेळीं चालत. तेव्हां काम त्यांच्यांत वांटून देणारा प्रोग्रॅम लिहिणेंहि नव्यानेंच शिकावें लागे. पुढें केंद्रानें स्वतःची प्रशिक्षणशाळा काढली. तिच्या सुमारें सहा महिन्यांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेले विद्यार्थी सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत शिरले.

दोन वर्गांत एक भेद मात्र आहे. १८५४ च्या वर्गाचें दार पदवीच्या आधीं उघडत होतें; सी-डॅकच्या या अभ्यासक्रमाचें दार पदवीनंतर उघडतें. मारुंजींत ज्याच्या घरच्या खोल्या अभियंत्यांस भाड्यानें दिल्या आहेत अशा शेतकऱ्याच्या मुलास शालान्त परीक्षेनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत संगणकचालक व प्रोग्रॅमिंग साहाय्यकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतां येतो. त्यांत पुन्हां तोच जुना ‘दुय्यम’ आहे. तेथूनहि वर जाण्यास १८६६ प्रमाणें जिना हवा.