तेहतीस वर्षे रखडलेले बारसे

शाळकरी वयात माझ्याकडच्या दोन पुस्तकांतल्या आवर्तसारण्या जुळेनात. १०४ क्रमांकाच्या चौकटीत एकीत ‘कुर्चाटोव्हियम’, तर दुसरीत ‘रुदरफोर्डियम’. मला ती छपाईची चूक वाटली. पण ते होते शीतयुद्धातले भांडण.

१९६४ मध्ये दुब्ना येथील सोव्हिएत शास्त्रज्ञांनी हे मूलद्रव्य तयार केल्याचा दावा केला आणि सोव्हिएत अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख कुर्चाटोव्ह यांचे नाव त्याला दिले. बर्कलीच्या अमेरिकी शास्त्रज्ञांना तो पुरावा पटला नाही. १९६९ मध्ये त्यांनी स्वतःचा दावा मांडून रुदरफोर्ड यांचे नाव पुढे केले. आपल्याकडे बाळाचे नाव आत्या ठेवते. इथे दोन आत्या हटून बसल्या! त्यातून असे अणू मोजकेच बनतात आणि लगेच विघटित होतात. मग पहिले कोण, हे ठरणार कसे?

१९९३ मध्ये तज्ज्ञांनी श्रेय दोघांना विभागून दिले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघाच्या समितीने हयात व्यक्तीचे नाव नको, असे सुचवले. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ खवळले, कारण १०६ व्या मूलद्रव्यासाठी त्यांनी ग्लेन सीबोर्ग यांचे नाव जाहीर केले होते आणि सीबोर्ग हयात होते.

अखेर १९९७ मध्ये तडजोड झाली : १०४ रुदरफोर्डियम, १०५ दुब्नियम, १०६ सीबोर्गियम. १९९९ मध्ये निधन पावलेल्या सीबोर्ग यांना आपले नाव सारणीत पाहता आले. कुर्चाटोव्ह मात्र बाहेरच राहिले.

माझ्या दोन्ही पुस्तकांत छपाईची चूक नव्हती. बारसेच व्हायचे होते.