मोहाची पहिली धार आणि आस्वादाचा अधिकार

ब्रँडी हा शब्द मूळ डच भाषेतला. त्याचा अर्थ जाळलेली वाइन. आंबवलेल्या रसाला आच द्यायची, वाफ धरायची, ती थंड करून थेंब गोळा करायचे, एवढीच ती क्रिया. पुढे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवली की रंग येतो, व्हॅनिलासारखा वास येतो. पण तरुण ब्रँडीत पिंपाचं फारसं काही नसतं; असतं ते फळाचं. म्हणून तिचा आस्वाद घ्यायचा म्हणजे मुळात फळ ओळखायचं. जाणकार पेला नाकापासून थोडा दूर धरतात, थेंबभर पाणी घालतात, लहानसा घोट जिभेवर फिरवतात. गोडवा किती, दाह किती, आणि दाह ओसरल्यावर मागे काय उरतं, हे पाहतात.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ब्रँडीची अशी एक जवळची नातलग पिढ्यान्‌पिढ्या निघत आली आहे. फरक एवढाच, की ती फळाऐवजी फुलापासून होते. ती मोहाची दारू. आज आपण तिच्या चवीचा इतिहास पाहू, आणि त्या निमित्ताने एक प्रश्न विचारू: एखादी गोष्ट चांगली की वाईट हे ठरवायचा अधिकार कोणाचा?

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. मांसल, पिवळसर पांढरी फुलं पहाटे टपटप पडतात. बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फूल दिसावं म्हणून आधी पालापाचोळा जाळतात. त्यातून कधी वणवाही लागतो, हेही सांगायला हवं. वाळवलेलं फूल मनुकेसारखं दिसतं. ते भाजून खातात, उकडून खातात, टंचाईच्या दिवसांत त्यावर पोट भरतात. म्हणजे मोह आधी अन्न आहे, मग दारू. दारूसाठी फूल पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात. त्याला आपल्याकडे सडवा म्हणतात. मग मडक्यावर मडकं, खाली लाकडाची आच, वर गार पाणी. जी पहिली निघते ती तेज. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग जो माणूस आयुष्यात दारू शिवलेला नाही तोही मराठीत सहज करतो. भाषेने जपलेलं ते भट्टीचं ज्ञान आहे, बरं का.

हे फूल आपल्या ग्रंथांनाही ठाऊक होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांची मोजदाद आहे. त्यात फुलांचे आसव दहा सांगितले आहेत. कमळाच्या जाती आहेत, धायटी आहे आणि मधूक आहे. मधूक म्हणजे मोह. आसव आंबवलेला असतो, भट्टीवर चढवलेला नव्हे, हा भेद ध्यानात ठेवू. पण कुठल्या फुलाचा गुण काय, याची पारख तेव्हाही शास्त्राचा विषय होती, एवढं त्यावरून दिसतं.

गोंड आणि माडिया समाजात या दारूला जागा ठरलेली होती. पेनाला, म्हणजे देवाला, आणि पूर्वजांना आधी थेंब वाहायचे, मग आपण घ्यायची. जन्म, लग्न, मृत्यू, सण, सगळीकडे ती होती. फूल कोणाच्या झाडाचं, भट्टी कोणी लावली, हे सगळ्यांना माहीत. दारू करपली तर करपली असं तोंडावर म्हणता येई. आम्ही याला आस्वादाची पहिली अट मानतो: नावं ठेवण्याची मुभा.

इंग्रजी अमलात ही मुभा आक्रसली. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि चांदा जिल्हा त्यात आला. भट्टी लावून दारू विकण्याचा हक्क लिलावात मक्तेदाराला देण्याची पद्धत या प्रांतात होती. मक्तेदाराला काळजी चवीची नव्हे, खपाची. तिकडे मुंबई इलाख्यात तर १८९२ साली खास मोहाच्या फुलासाठी कायदा झाला. झाडावरून पडलेलं फूलच संशयित ठरलं! स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि पुढे विदर्भालाही लागू झाला. फुलावरचा पहारा त्यातही राहिला. फुलं साठवण्या-नेण्यावरची ही बंधनं राज्य सरकारने उठवली ती २०२१ साली.

चोरून होणाऱ्या दारूचं काय होतं? भट्टी नाल्याकाठी जाते. सडव्यात नवसागर पडतो, काळा गूळ पडतो. पिणाऱ्याला विचारायची सोय नसते, विकणाऱ्याला सांगायची गरज नसते.

इथे डेव्हिड ह्यूमची आठवण होते. १७५७ च्या अभिरुचीवरील निबंधात तो ‘डॉन किहोते’मधली गोष्ट सांगतो. दोन जाणकारांना पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, छान आहे, पण जरा चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, छान, पण लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते! ह्यूमचं म्हणणं असं, की अभिरुची ही नुसती आवड नसते. सूक्ष्म जाणीव, सराव आणि पूर्वग्रहापासून मुक्ती लाभलेल्यांचा निवाडा हा तिचा निकष.

पण ह्यूमच्या गोष्टीत सगळे पिणारेच आहेत. आपल्या जिल्ह्यांतल्या इतिहासात न पिणाऱ्यांनीही निवाडा दिला. लोकांच्या चळवळीतून १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली. २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत हजारो स्त्रिया दारूबंदी मागत चालत गेल्या. २०१५ साली चंद्रपुरात बंदी आली, २०२१ साली उठली. बंदी यशस्वी की अयशस्वी, यावर वाद आहेत. पण त्या बायका काय म्हणत होत्या? घोट घेतल्यानंतर मागे काय उरतं, हेच त्या सांगत होत्या. चाखणारा जिभेवर जे शोधतो ते त्यांनी घरात पाहिलं होतं: बुडालेली मजुरी, मार, रिकामं मडकं. हा निवाडा आस्वादाच्या बाहेरचा आहे, असं आम्हाला वाटत नाही. किंमत जो मोजतो, त्याचं मत निकषात धरायलाच हवं.

मग मोहाच्या चवीचं काय करायचं? गोव्यात काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मिळालं, चांगली-वाईट फेणी यावर उघड बोलता येऊ लागलं. मोहाच्या बाबतीत इथे आधी गावाने ठरवायला हवं, असं आम्ही म्हणू. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी दिली, आणि मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. अशा सभेत फूल वेचणारी बाई बसते आणि पिणाराही बसतो. दारू नको असं ठरलं तर नको. देवापुरती हवी असं कोणी म्हटलं, तर कायद्याच्या चौकटीत त्यावर बोलावं, पण उघडपणे बोलावं.

तोवर फूल तर आहेच. येत्या चैत्रात कोणी मोहाचं ताजं फूल दिलं तर जिभेवर ठेवून पाहा. आधी गोड लागेल, मग थोडा उग्र वास नाकात चढेल. तो काहींना आवडत नाही. आवडला नाही तर तसं सांगा. ज्या बाईने ते वेचलं तिच्याशी त्यावर दोन शब्द बोला. आस्वादाला सुरुवात करायला तेवढं पुरे. प्रश्न असतील तर आता घेऊ या.