एच.एम.टी.ची घड्याळे आणि त्यांचे संग्राहक

घड्याळाचा इतिहास सांगू लागले की वक्ते बहुधा युरोपातील मनोऱ्यांपासून आरंभ करतात. आम्ही आरंभ करणार आहोत तो लग्नमंडपातल्या घंगाळापासून. बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की चोवीस मिनिटांची एक घटिका झाली, असा हिशेब आपल्या आजोबा-पणजोबांच्या लग्नात जोशीबुवांनी केलेला आहे. त्या वेळेवर साऱ्या मंडपाचा हक्क होता. वाटी बुडते की नाही, हे पोरेठोरेसुद्धा वाकून पाहू शकत.

गिरण्या आल्या आणि वेळ मालकाची झाली. मुंबईच्या गिरण्यांत आरंभीची कित्येक वर्षे काम चाले ते सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली, आणि १० जून १८९० पासून गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळू लागली. पण दिवसाचे तास मोजण्याचे साधन कामगाराच्या हाती नव्हतेच. पुढे १ जानेवारी १९०६ रोजी सरकारने साऱ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. गिरणीमालकांनी नव्या वेळेने भोंगा वाजवायचे ठरविले, म्हणजे सूर्याच्या मानाने पाऊण तासाच्या आसपास आधी कामावर या, असेच झाले. त्याच महिन्यात हजारो कामगारांनी काम बंद ठेवून दगडफेक केली. इतिहासाच्या पुस्तकांत ही हकिगत अडाणी लोकांचा सुधारणेस विरोध म्हणून येते. आमच्या मते त्या कामगारांस हिशेब फार चांगला कळला होता.

एवढी प्रस्तावना करण्याचे कारण असे की, मनगटी घड्याळ ही चीज आज शोभेची किंवा छंदाची झाली असली, तरी कष्टकरी माणसाच्या मनगटावर ती प्रथम आली तेव्हा तिला निराळा अर्थ होता. पाळी किती वाजता सुटली आणि ओव्हरटाइमचे तास किती भरले, हे मुकादमाला न विचारता कळू लागले. हे घड्याळ साधारण माणसाच्या ऐपतीत आणून ठेवले ते एका सरकारी कारखान्याने, आणि तो कारखाना आता बंद पडला आहे.

हिंदुस्थान मशीन टूल्स ही संस्था १९५३ साली बंगलोरास निघाली. उद्देश यंत्रे बनविणारी यंत्रे देशात करण्याचा. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने घड्याळांचा कारखाना उभारला, आणि पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि नैनिताल जिल्ह्यातील राणीबाग येथेही कारखाने झाले. आरंभीच्या मालिकेतील एका घड्याळाचे नाव 'जनता'. रोज किल्ली द्यावयाचे, सतरा ज्युएल्सचे, तबकडीवर 'पॅराशॉक' असे छापलेले. पॅराशॉक म्हणजे धक्का सोसण्याची व्यवस्था: घड्याळ पडले किंवा आपटले तरी चक्राच्या आसाची नाजूक टोके मोडू नयेत म्हणून त्यांच्या खड्यांना स्प्रिंगेचा आधार दिलेला असतो. हातोडा चालविणाऱ्या, एस.टी.ची घंटी ओढणाऱ्या किंवा शेतातून शाळेवर जाणाऱ्या मास्तरांच्या मनगटाला याचा काय उपयोग होता, ते सांगण्याची गरज नाही. याच मशीनला पुढे ०२३१ हा क्रमांक मिळाला. ते तासाला अठरा हजार ठोके देते. 'पायलट' या काळ्या तबकडीच्या प्रसिद्ध घड्याळातही तेच मशीन आहे. सैनिकांसाठी 'जवान' निघाले, अंधांसाठी काच उघडून काटे बोटांनी चाचपता येतील असे ब्रेल घड्याळ निघाले, देवनागरी आकडे असलेली तबकडीही निघाली.

'कांचन' आणि 'सोना' यांची गोष्ट तितकी गौरवाची नाही. सोनेरी रंगाची ही घड्याळे लग्नात जावयाच्या हाती बांधावयाची म्हणून गाजली. घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही वरपक्षाची मागणी आमच्या जालना जिल्ह्यात अंबड-भोकरदनपासून मंठा-परतूरपर्यंत सर्वांस ठाऊक होती. मुलीच्या बापाने कापसाच्या पैशातून ती भागवायची. मागणी अधिक, उत्पादन कमी, म्हणून 'कांचन' छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकले जाई. जनतेसाठी काढलेल्या कारखान्याचा माल हुंड्याच्या यादीत जाऊन बसला, याचा दोष कारखान्याकडे नाही. पण कोणी संग्राहक आज 'कांचन' हातात घेऊन जुन्या सुखाच्या दिवसांचे गोडवे गातो, तेव्हा ही दुसरी बाजूही त्यास ठाऊक असावी.

कारखाना बुडाला कसा? कामगार आळशी होते म्हणून, हे उत्तर तयारच असते. घटनाक्रम पाहावा. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने स्फटिकावर, म्हणजे क्वार्ट्‌झवर, चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. १९७२ मध्ये अमेरिकेत काट्यांऐवजी तांबडे आकडे दाखविणारे 'पल्सर' विक्रीस आले; त्याची किंमत होती २१०० डॉलर. पुढे थोड्याच वर्षांत तसली अंकांची घड्याळे इतकी स्वस्त झाली की, हाँगकाँगचा माल चोरट्या मार्गाने येऊन आपल्याकडे रस्त्यावर विकला जाऊ लागला. स्वित्झर्लंडसारख्या देशात हजारो घड्याळकामगार या लाटेत बेकार झाले. एच.एम.टी.ने क्वार्ट्‌झ घड्याळे केली, पण तिचे मुख्य बळ किल्लीच्या घड्याळातच गुंतून राहिले. १९८४ साली टाटा आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून टायटन कंपनी काढली, आणि तिने होसूरच्या कारखान्यातून क्वार्ट्‌झवरच भर दिला. एच.एम.टी.तील कसबी माणसे तिकडे गेली. १९९१ नंतर परदेशी मालालाही दारे उघडली. कोणत्या यंत्रावर पैसा घालावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार जुळणीच्या बाकावर बसणाऱ्या कामगाराचा कधीच नव्हता.

श्रीनगरच्या कारखान्यावर तर निराळेच संकट कोसळले. १९९० च्या एप्रिलात तेथील महाव्यवस्थापकांचे अपहरण होऊन त्यांचा खून झाला. त्यानंतर तो कारखाना नावापुरताच राहिला. अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस आणि श्रीनगरची चिनार वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. कामगारांस २००७ च्या वेतनश्रेणीचा हिशेब धरून स्वेच्छानिवृत्ती देऊ केली. स्वेच्छा हा शब्द आम्ही पुष्कळ कारखान्यांच्या दारावर वाचला आहे. तुमकूरची जागा पुढे इस्रोकडे गेली.

असेच दुसरे उदाहरण आम्हां मराठवाड्याच्या लोकांस अधिक जवळचे आहे. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि आमची राजधानी हैदराबाद. तेथे १९४२ साली निघालेल्या ऑल्विन कारखान्याने बसचे सांगाडे केले, शीतकपाटे केली, आणि १९८० नंतरच्या दशकात सेकोच्या सहकार्याने घड्याळेही केली. तोही व्यवहार १९९० नंतरच्या दशकात आटोपला. त्याची घड्याळे एच.एम.टी.च्या मानाने थोडी, म्हणून शोधणारे अधिक चिकाटीचे लागतात.

कारखाना बंद होणार अशी वार्ता २०१४ साली पसरली मात्र, दुकानांतून जी घड्याळे धूळ खात होती त्यांसाठी रांगा लागल्या. चालू कारखान्याचा माल कोणास नको होता. मेल्यावर वारसदार पुष्कळ जमले. असो. छंदास आम्ही हसत नाही. एकूण दहा कोटींहून अधिक घड्याळे या कारखान्याने केली, तेव्हा साधे 'जनता' दुर्मिळ नव्हे. दुर्मिळ आहे ते मूळ स्थितीतले: तबकडी न रंगविलेली, काटे त्याच काळचे, किल्लीच्या डोक्यावर एच.एम.टी.ची खूण, आतल्या मशीनवर योग्य क्रमांक.

आणि येथेच आपल्या मुंबईचे नाव निघते. जुने मशीन साफ करून, त्यावर भडक रंगाची नवी छापलेली तबकडी बसवून, कोणत्याही केसमध्ये घालून विकण्याचा मोठा धंदा तेथे चालतो. परदेशी संग्राहकांत अशा मालास 'मुंबई स्पेशल' म्हणूनच ओळखतात. लाल, हिरवी, नारिंगी 'पायलट' घड्याळे पाहून नवखा भुलतो. अक्षरांच्या कडा पुसट, मिनिटांच्या रेघा काट्याशी न जुळणाऱ्या, आणि पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी कालच्या वर्तमानपत्रासारखी कोरी, असे दिसले की खिशातला हात बाहेर काढू नये. अर्थात, ही तबकडी छापणारा आणि मशीन धुणारा कारागीरही पोटासाठीच बसला आहे. दुरुस्त केलेले घड्याळ दुरुस्त म्हणून विकले तर त्यात काही वावगे नाही. मूळचे म्हणून विकणे ही फसवणूक होय.

संग्राहकांकडे आमचे एक मागणे आहे. ते मशीनचा क्रमांक टिपून ठेवतात, केसचा व्यास टिपून ठेवतात. घड्याळ कोणाच्या हातचे, हे टिपीत नाहीत. आमच्या युनियनच्या कचेरीत येणाऱ्या निवृत्त कामगारांपैकी काहींच्या मनगटावर अजून 'जनता' चालते आहे. पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीसमोर उभे राहून वापरलेल्या घड्याळाची काच एका बाजूने पिवळी पडलेली असते, आणि पट्ट्याच्या दांड्यांशी घामाने धातू खाल्लेला असतो. व्यापारी ते पाहून किंमत पाडतो. घड्याळजीकडे नेले की पहिल्याने तीच केस घासून लखलखीत करतात.

घड्याळजीही आता मोजकेच उरले. बाजारात बसणारे बहुतेक सेल बदलून देतात, पट्टा घालून देतात. भिंग डोळ्याला लावून ०२३१ उघडणारा शोधावा लागतो. सुटे भाग कारखान्यातून येणे केव्हाच थांबले. बॅलन्सचा आस मोडला, तर तो मिळतो दुसऱ्या एखाद्या 'जनता'च्या पोटातून, आणि म्हणून असा प्रत्येक घड्याळजी आपल्या खणात पाचपन्नास मेलेली घड्याळे डबीत घालून जपून ठेवतो. त्या डब्या तो संग्राहकास विकत नाही. कितीही भाव आला तरी नाही, कारण त्या संपल्या की गिऱ्हाइकाचे चालते घड्याळ परत करावे लागेल.