न मागता आलेल्या भाज्यांचं करायचं काय? समजून घ्या आठवड्याच्या बॉक्सचं गणित

पुण्या-मुंबईत आठवड्याच्या भाज्यांचा बॉक्स थेट शेतातून घरपोच मिळू लागला आहे. पण यात एक मेख आहे. अनेकदा बॉक्समध्ये काय यायचं, हे ग्राहक नाही, हंगाम ठरवतो. पावसाळ्यात लागोपाठ तीन आठवडे दोडका येऊ शकतो आणि थंडीत एकदम मुळ्याच्या दोन जुड्या.

ही पद्धत आली कुठून?

जपानमध्ये १९७०च्या दशकात ग्राहक आणि सेंद्रिय शेतकरी यांच्यात थेट व्यवहार सुरू झाले. त्याला ‘तेइकेई’ म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर अशीच सुरुवात झाली. ग्राहकांनी हंगामाचे पैसे आधी भरायचे आणि जे पिकेल ते वाटून घ्यायचं. पीक कमी आलं, तर झळ एकट्या शेतकऱ्याला बसत नाही.

पण भाजी घरात सडली, तर पैसेही वाया आणि शेतकऱ्याचे कष्टही.

आधी काय संपवायचं?

बॉक्स आला की भाज्यांचे तीन गट करा.

पहिले दोन दिवस: मेथी, पालक, अंबाडी, अळू. पालेभाजी निवडून, न धुता कोरड्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा.

आठवड्याच्या मध्यापर्यंत: भेंडी, दोडका, वांगी, पावटा.

सगळ्यात शेवटी: गाजर, बीट, कोबी. अख्खा लाल भोपळा तर फ्रीजबाहेरही बरेच दिवस टिकतो.

मुळा, गाजर आणि बीट यांचा पाला आल्याआल्या कापून वेगळा करा. नाहीतर पाला कंदातलं पाणी ओढून घेतो आणि कंद मऊ पडतो.

पाककृती नको, पद्धत धरा

‘दोडक्याचं काय करू’ असं शोधण्याऐवजी हाताशी चार-पाच पद्धती ठेवा. भाजी कोणतीही आली, तरी अडत नाही.

पीठ पेरून: मुळ्याचा पाला, मेथी, कांद्याची पात.

ताकातली किंवा डाळ घालून पातळ भाजी: पालक, चाकवत, अळू. अळू खाजू नये म्हणून नीट शिजवा, चिंच किंवा आमसूल घाला.

भजी: घोसाळी, पालक.

थालीपीठ: किसलेला दुधी, कोबी, उरलेला कुठलाही पाला.

चटणी: दोडक्याच्या शिरा, दुधीची साल. तीळ आणि मिरचीबरोबर परतून वाटायची.

गोड: लाल भोपळ्याचे घारगे.

सगळंच थोडं थोडं उरलं तर?

याचं उत्तर आपल्या सणांत आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, पावटा, ओले हरभरे आणि तीळ एकत्र शिजतात. ऋषिपंचमीच्या भाजीत अळू, भेंडी, पडवळ, लाल भोपळा, मक्याचं कणीस असं पावसाळ्यात मिळणारं बरंच काही पडतं. त्या त्या हंगामात जे पिकतं, तेच एका पातेल्यात.

म्हणून पुढचा बॉक्स येण्याच्या आदल्या दिवशी उरलेल्या भाज्यांची अशीच एक मिश्र भाजी करा. आधी कडक भाज्या टाका, मग मऊ आणि पाला अगदी शेवटी. वरून दाण्याचं किंवा तिळाचं कूट. सोबत बाजरीची भाकरी. नवा बॉक्स येईल तेव्हा फ्रीज रिकामा असेल.