सोडचिठ्ठीनंतरचें अन्नवस्त्र

‘पोटगी’ हा शब्द मराठींत पोटाशींच जोडलेला आहे. त्याच अर्थीं ‘अन्नवस्त्र’ हा शब्दही चाले. दोहोंत हक्कापेक्षां दयेचाच सूर अधिक. ब्रिटिश अमदानींतील कायद्याचा हिशेब तर त्याहूनही कोरडा होता. १८७२ ची फौजदारी संहिता घडविणारे कायदेपंडित जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्यांच्या मतें ह्या तरतुदी म्हणजे अनाथ भटकेपणा टाळण्याचा एक उपाय होता. त्यामुळेंच पत्नीच्या पोटाचा प्रश्न चोऱ्यामाऱ्यांचे खटले चालविणाऱ्या मॅजिस्ट्रेटपुढें गेला. एका परीनें तें बरेंच झालें. तेथें निकाल लवकर लागे आणि धर्म कोणी विचारीत नसे.

१८९८ च्या संहितेच्या ४८८ व्या कलमानें पोटगीची कमाल मर्यादा दरमहा ५० रुपये ठेविली. ती १९२३ सालीं १०० व १९५५ सालीं ५०० झाली. परंतु खरी उणीव रकमेंत नव्हती, ‘पत्नी’ ह्या शब्दांत होती. सोडचिठ्ठी मिळालेली स्त्री पत्नी उरत नसे. ज्याला एकतर्फी तलाक देतां येई, अशा नवऱ्यानें तो उच्चारावा आणि इद्दतीचा काळ सरतांच कोर्टाच्या हुकुमांतून मोकळें व्हावें! बायकोनें दाद मागितली म्हणूनच तिला टाकण्याची ही सोय झाली. १९७३ च्या नव्या संहितेच्या १२५ व्या कलमानें ती वाट बुजविली : पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्रीही ‘पत्नी’ ठरली.

ह्या दुरुस्तीची कसोटी इंदुरांत लागली. १९३२ सालीं विवाह झालेल्या शाहबानो ह्यांना वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या पतीनें १९७५ सालीं घराबाहेर काढलें. एप्रिल १९७८ मध्यें त्यांनीं दरमहा ५०० रुपयांची मागणी केली. नोव्हेंबरांत पतीनें तलाक दिला आणि मेहराचे ३००० रुपये कोर्टांत भरून जबाबदारी संपल्याचें सांगितलें. मॅजिस्ट्रेटनें मंजूर केले दरमहा २५ रुपये. त्रेचाळीस वर्षांच्या संसाराचें हें मोल! हायकोर्टानें तें १७९ रुपये २० पैशांवर नेलें. २३ एप्रिल १९८५ रोजीं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या अध्यक्षतेखालील पांच न्यायमूर्तींच्या पीठानें पतीचें अपील फेटाळलें.

पुढील गदारोळ सर्वश्रुत आहे. भोंवतालच्या दडपणाखालीं शाहबानो ह्यांनीं स्वतःच तो निकाल नाकारला, आणि १९८६ च्या कायद्यानें पतीची जबाबदारी इद्दतीपुरतीच उरली असें दिसूं लागलें. त्या कायद्याला आव्हान दिलें तें त्यांचेच वकील दानियल लतिफी ह्यांनीं. सप्टेंबर २००१ मध्यें सुप्रीम कोर्टानें कायदा कायम ठेविला, पण त्याचा अर्थ निराळा लाविला : तजवीज इद्दतीच्या मुदतींत करावयाची, मात्र ती स्त्रीच्या पुढील सर्व आयुष्याला पुरेशी असली पाहिजे. त्याच महिन्यांत संहितेंतील ५०० रुपयांची मर्यादाही गेली. शाहबानो १९९२ सालींच निवर्तल्या होत्या.